युएझन आत्याच्या रेशमी तारा

माझी आत्या कुआंग युएझन सूझौच्या आमच्या कालव्याकाठच्या गल्लीत चाळीस वर्षं गुछिन या सात तारांच्या चिनी वाद्याच्या तारा वळत आली. रेशमाचे धागे ताणायचे, पीळ द्यायचा, सरसात शिजवायचे, सावलीत वाळवायचे. स्वतःला मात्र गुछिन वाजवता येत नसे. कुणी विचारलं की म्हणायची, "सुईणीनं सगळीच पोरं वाढवायची का?"

पलीकडच्या घरात रोंग गुरुजी गुछिन शिकवत. त्यांनी रेशीम सोडून पोलादी तारा लावल्या, त्या दिवशी आत्या त्यांच्या दारात उभी राहिली. "सायकलच्या ब्रेकची तार लावलीत की काय?"

"तुमच्या तारा दमट हवेत तुटतात, कुआंगताई."

"माणसंही तुटतात. मग काय पोलादाची आणता?"

त्यानंतर अकरा वर्षं दोघं बोलली नाहीत.

चौसष्टाव्या वर्षी आत्याच्या हृदयाची झडप बदलली. महिन्याभरानं ती पुन्हा कामाला बसली, पण तार एकसारखी येईना. कुठे जाड, कुठे बारीक. हात थरथरत नव्हते, डोळेही ठीक होते. तपासणीला मी सोबत गेले, तेव्हा तिनं डॉक्टरांनाच धरलं. "माझ्या शिनचं, या काळजाचं, काय केलंत? कशातच लागत नाही ते."

डॉक्टर हसले. "झडप तेवढी बदलली, आजी. विचार डोक्यात असतात."

बसमध्ये ती धुसफुसत होती. "म्हणे डोक्यात! 'विचार'चं अक्षर लिहिताना खाली काय काढतो आपण? शिनचंच चिन्ह ना? 'विसरणं' लिहितानाही तेच. काळीज आणि मन एकाच शब्दात मावतात, आणि हा शहाणा त्यांची वाटणी करतोय!"

गल्लीत गोष्टी लपत नाहीत. चार दिवसांनी रोंग गुरुजी सोललेले शिंगाडे घेऊन आले. वाळत घातलेली तार त्यांनी बोटांनी चाचपली.

"रेशीम ठीक आहे. वळणारी पळतेय," ते म्हणाले. "दुपारी येत जा माझ्याकडे."

"ब्रेक ऐकायला?"

"या तर खरं."

ती गेली. त्यांच्या गुछिनवर रेशमी तारा होत्या, तिनंच वळलेल्या. एक जुना संच त्यांनी जपून ठेवला होता. गुरुजींनी एकच तार छेडली आणि म्हणाले, "हा आवाज संपेपर्यंत ऐकायचं. संपला की सांगा."

"संपला."

"नाही संपला. तुम्ही निघून गेलात."

तीन आठवडे हेच चाललं. रोज दुपारी एक तार, एक स्वर. आत्या घरी येऊन चिडायची, "भाताची पेजसुद्धा याहून लवकर होते!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायची. पुढे ती स्वतः तार छेडू लागली. एका दुपारी मी तिला न्यायला गेले, तर ती रडत होती. गुरुजी खिडकीकडे तोंड करून बसले होते.

"तुझे आतोबा गेले ना," ती मला म्हणाली, "तेव्हा तारा सरसात होत्या. सोडल्या असत्या तर वाया गेल्या असत्या. मी आधी त्या ताणल्या, मग रडायचं ठरवलं होतं. ते राहूनच गेलं गं." आतोबांना जाऊन सव्वीस वर्षं झाली होती.

गुरुजींनी पेल्यातल्या चहाच्या पानांवर पुन्हा गरम पाणी ओतलं आणि पेला तिच्याकडे सरकवला.

वसंतात तिनं पुन्हा तारा वळायला घेतल्या. त्या पूर्वीसारख्या झाल्या नाहीत. किंचित जाड, आवाज थोडा खर्जातला. गुरुजींनी तसं तोंडावर सांगितलं. "माझं शिन आता असं आहे," आत्या म्हणाली, "तर तार अशीच येणार. घ्यायची तर घ्या."

त्यांनी घेतली.

आता ती एकाहत्तर वर्षांची आहे. एका छोट्या रचनेचा पहिला भाग तिला येतो, दुसऱ्यावर सहा वर्षं अडून बसली आहे. गुरुजी म्हणतात, घाई करते; ती म्हणते, तेच रेंगाळतात. दुपारी गल्लीतून गेलं की दोघांचा वाद ऐकू येतो, आणि मग एक स्वर.