कामरेजच्या हायवेवरचं फुटकं चाक

इतकी वर्षं झाली, पण कामरेजच्या हायवेवरची ती दुपार काही मनातून जात नाही. नव्वदच्या दशकातली मधली वर्षं होती. सुरतेत कापडाचा पैसा मोटारींवर दिसू लागला होता. मूळ चाकं काढून मोठी, चकचकीत, परदेशी चाकं बसवायची हौस तरुण व्यापाऱ्यांना लागली होती. मी मूळचा खान्देशातला, तेव्हा शहराबाहेरच्या एका ठाण्यात फौजदार होतो.

अशाच चाकांची एक मोटार रस्ता सोडून डावीकडे गेली, रिक्षाची वाट पाहत उभ्या असलेल्या एका बाईला तिने उडवलं आणि ती मोरीच्या कठड्यावर आदळली. बाई जागीच गेली. मराठवाड्यातून बांधकामावर आलेली होती ती. नवरा तिच्याजवळ बसून होता. रडत नव्हता, नुसता तिच्या अंगावरची धूळ झटकत होता.

ड्रायव्हर पळाला नव्हता. तिशीतला, खान्देशातून आलेला, सुरतेतल्या गोडादऱ्यात राहणारा. पहाटेपासून गाडीवर होता. ठाण्यात आणल्यावर मी विचारलं, तर माझ्या बोलण्यावरून गाववाला ओळखून तो अहिराणीतच बोलला.

"साहेब, मना डोया लागी गया व्हई. माले काहीच याद नही शे."

माझा डोळा लागला असेल, एवढंच तो पुन्हा पुन्हा सांगत होता. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा दाखल झाला. पुढचं डावं चाक तुटलेलं होतं, पण ते कठड्यावर आदळून तुटलं, असं सगळ्यांनीच धरलं. गाडी ठाण्याच्या आवारात जमा झाली आणि मी गणपती विसर्जनाच्या बंदोबस्ताला शहरात गेलो.

परत आलो तेव्हा आरटीओचा अभिप्राय आला होता. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, गाडीत दोष नाही. ड्रायव्हर जामिनावर सुटला होता, पण मालकाने त्याला कामावरून काढलं होतं. आरोपपत्र टाकलं की प्रकरण संपलं, असंच सगळे म्हणत होते. खरं सांगायचं तर मलाही ते संपायला हवं होतं. बंदोबस्ताने जीव आंबला होता.

त्याच आठवड्यात माझा एक खबरी आला. जुन्या टायरांचा धंदा करायचा.

"साहेब, त्या ॲक्सिडेंटवाल्या गाडीची चाकं भंगारात आलीत. इच्छापोरला भट्टीवर वितळवायला जाणार."

"वेडा झालास? गाडी माझ्या आवारात आहे."

"गाडी आहे. चाकं बघितली का?"

मी बाहेर गेलो. गाडी होती, पण साध्या लोखंडी चाकांवर उभी. जमादाराला बोलावलं. तो खाली बघत म्हणाला, "गाडीवाले शेठ म्हणाले, महागाची चाकं आहेत, आवारातून चोरीला जातील. म्हणून त्यांच्या माणसांनी बदलून नेली."

म्हणजे आरटीओच्या इन्स्पेक्टरने ही साधी चाकं पाहिली होती. जमादाराची पुढे खात्यात चौकशी झाली, पण त्या घडीला त्याच्यावर ओरडायचंही त्राण माझ्यात नव्हतं. दोन पंच जीपमध्ये घातले आणि इच्छापोर गाठलं. भट्टी पेटलेली होती. चारही चाकं बाजूच्या ढिगात मिळाली. पंचनामा करून जप्त केली.

तुटलेलं चाक मी उलटं केलं. बाहेरून आरशासारखं होतं. आतल्या कडेला मात्र वेल्डिंगचा जाडसर पट्टा होता, वरून चंदेरी रंग मारलेला. चाक त्या पट्ट्यालगतच तुटलं होतं. तुटलेल्या कडेचा काही भाग पांढरा, ताजा होता, बाकीचा ब्रेकच्या धुळीने काळा पडलेला. म्हणजे तडा जुना होता.

तिथून मी पुन्हा अपघाताच्या जागी गेलो. डांबरात चाकाच्या कडेने काढलेली खोल चरी अजून होती. ती मोरीपाशी नव्हे, मोरीच्या बरीच अलीकडे सुरू होत होती. चाक आधी तुटलं होतं, गाडी मग रस्ता सोडून गेली होती.

चाकं बसवणाऱ्या दुकानदाराला बोलावलं. पहिला तासभर त्याला काहीच आठवत नव्हतं. चाक टेबलावर ठेवलं तेव्हा त्याने घाम पुसला.

"खड्ड्यात आपटून तडा गेला होता साहेब. एवढं मोठं चाक म्हणजे वरचा टायर पातळ पट्टीसारखा, सगळा दणका चाकावरच येतो. असं तडकलेलं चाक टाकूनच द्यावं लागतं. मी तसं बोललो होतो. शेठ म्हणाले, या डिझाइनचं जोडीचं चाक मिळत नाही, जोडून दे."

"आणि तू जोडलंस."

"मी नाही तर दुसऱ्याने जोडलं असतं."

असं म्हणणारी माणसं मला नोकरीत इतकी भेटली की राग यायचाही थांबला.

शेठला बोलावलं. कपडे इस्त्रीचे, वागणं अदबीचं. वकिलाला घेऊन आला होता. ड्रायव्हरनेच कबूल केलंय, मग मला का बोलावलं, हे तो शांतपणे विचारत होता. तडकलेलं चाक स्टिअरिंगला जाणवलं असणार, म्हणून मी त्याला ड्रायव्हरबद्दलच विचारलं. स्टिअरिंग थरथरतं, अशी तक्रार त्याने केली होती का?

"केली होती. मी म्हटलं, तुला मोठ्या चाकांची सवय नाही."

वकिलाने त्याच्या हातावर हात ठेवला, पण उशीर झाला होता. मी चाकाची आतली बाजू त्याच्यापुढे केली. तो आपल्या भाषेत हळूच म्हणाला, "अंदरथी कोण जुए छे, साहेब?" आतल्या बाजूने कोण बघतंय!

चाकं भट्टीवर त्याने भीतीपोटी पाठवली होती, पण मुळात तो दुष्ट नव्हता. दुसरं चाक शोधायचा त्याला कंटाळा आला होता आणि चार चाकं एकसारखी दिसायला हवी होती, एवढंच.

चाक प्रयोगशाळेत तपासायला पाठवलं, तिथला अहवाल आमच्या बाजूने आला. ड्रायव्हरचं नाव आरोपींतून गेलं, शेठ आणि दुकानदार आरोपी झाले. खटला वर्षानुवर्षं चालला. माझी बदली झाली, साक्षीला मी लांबून येत राहिलो. शेवटी दोघांना थोडी शिक्षा झाली, आणि ते अपिलात गेले.

अहवाल आला त्या दिवशी मी स्वतः गोडादऱ्याला गेलो होतो. ड्रायव्हर खोलीच्या दारात बसला होता. डोळे खोल गेलेले. बायको म्हणाली, भाऊ, हे झोपतच नाहीत. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तुझा डोळा लागला नव्हता, चाक तुटलं होतं, तुझा दोष नाही. मला वाटलं होतं, तो मोकळा होईल.

तो म्हणाला, "म्हणजे मी जागा होतो. म्हणजे ती बाई मी पाहिली असेल, साहेब."

बायकोने चहा ठेवला, तो पिऊन मी निघालो. पुढे तो कापडाच्या लूमवर कामाला लागल्याचं कळलं. मोटार त्याने पुन्हा चालवली नाही.

पुढे माझ्या हाताखाली जे नवे फौजदार आले, त्यांना मी एकच सांगत आलो. कबुली फार लवकर मिळाली तर हायसं वाटून घेऊ नका. दमलेला गरीब माणूस दोष चटकन अंगावर घेतो, कारण त्याला आयुष्यभर तीच सवय लावलेली असते. आणि खरं शोधून काढलं म्हणजे त्याचं ओझं उतरलंच, असंही समजू नका. खरं शोधणं एवढंच आपलं काम. त्याच्यापुढचं त्या माणसाला एकट्यालाच निभवावं लागतं.