शालूबाईच्या अंगातली देवी

कबनूरच्या यंत्रमागांच्या गल्लीत दर मंगळवारी शालूबाईच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. आत पाटावर केस मोकळे सोडून ती घुमत बसायची. तिच्या अंगात कधी काही आलंच नव्हतं, हे फक्त तिलाच ठाऊक होतं.

सुरुवात मारापासून झाली. नवरा गुंडू मागावर कामाला होता. पिऊन आला की हाताला लागेल त्यानं बडवायचा. एकदा त्यानं धुणं धुवायचं धोपाटणं उचललं, तेव्हा शालूबाईला पळायला जागाच उरली नाही. तिनं केस सोडले, डोळे फिरवले आणि जत्रेत पाहिलेल्या बायकांसारखी किंचाळली, "हिला हात लावशील तर जाळून टाकीन!"

गुंडूच्या हातातून धोपाटणं गळून पडलं. त्यानं तिचे पाय धरले. त्या दिवसापासून दारूही सुटली.

एवढ्यावर भागेल असं तिला वाटलं होतं. पण गुंडूनंच गल्लीभर सांगितलं. आधी शेजारीण आली, मग शेजारणीची बहीण, मग इचलकरंजीहून बायका यायला लागल्या. शालूबाई जपून बोलायची. 'दवाखान्यात दाखव,' 'पोरीला शिकू दे,' असलंच काहीतरी. कुणाचं वाईट तर होत नाही ना, अशी मनाची समजूत घालायची. घरात मात्र गुंडू तिला 'तुमी' म्हणू लागला, बाहेरच्या खोलीत झोपू लागला. कालवण खारट झालं तरी मुकाट जेवायचा. तिला नावानं हाक मारणारं घरात कुणी राहिलं नाही.

मग गल्लीच्या टोकाची चिमणाबाई न्हाणीत कोसळली. डावा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. शालूबाईनं तिला नुसता अंगारा लावला होता, पण त्या भरवशावर म्हातारीनं ब्लडप्रेशरच्या गोळ्याच बंद केल्या होत्या.

हे कानावर आलं तेव्हा शालूबाई भाकरी थापत होती. पिठाच्या हातांनी ती तशीच गुंडूसमोर उभी राहिली.

"आवं, माझ्या अंगात काय येत न्हाय. मार चुकवायला सोंग केलतं मी."

गुंडूचा चेहरा उतरला. त्यानं हात जोडले. "आई, माझं काय चुकलं? थेंबाला शिवलो न्हाय, शपथ."

"आई न्हाय मी! शालू हाय, तुमची बायकू!"

तो मागं सरकत भिंतीला टेकला. त्याला दंडाला धरून हलवावं, असं तिला वाटलं. पण यानं खरं मानलं तर उद्यापासून काय, हे मनात आलं. ती चुलीकडं वळली.

चिमणाबाई दवाखान्यातून घरी आली, तशी शालूबाई तिच्याकडं गेली. सून पूर्णिमा रडकुंडीला आली होती. "गोळ्या थुकून टाकत्यात. अंगारा आणा म्हणत्यात."

शालूबाई खाटेजवळ बसली. "मावशी, समदं खोटं हाय. देवीबिवी काय न्हाय. गोळ्या घ्या."

म्हातारी वाकड्या तोंडानं हसली. "पोरी, तू बाईमाणूस. तुला काय कळतंय? देवी काय म्हणती ते सांग."

शालूबाईनं पुन्हा सांगून पाहिलं. म्हातारीनं तोंड भिंतीकडं फिरवलं.

मग भर दुपारी, मंगळवार नसताना, शालूबाईनं केस सोडले आणि ती घुमायला लागली. "गोळी घे! रोज घे! माझा हुकूम हाय!"

चिमणाबाईनं लगेच तोंड उघडलं. पूर्णिमानं गोळी जिभेवर ठेवली, पाणी पाजलं. मग तांब्या खाली ठेवून, पदर सावरून तीही शालूबाईच्या पाया पडली.

"आई, सांच्याच्या गोळीलाबी येशीला न्हवं? तुमच्याबिगार त्या घेणार न्हाईत."

शालूबाईनं केस बांधले. "येते," म्हणाली.