लोणच्याचा रिपोर्ट

“त्यात काय बघायचंय?” असं म्हणत सर संडास तपासायला आलेली डबी दोन बोटांत धरायचे, ट्यूबलाइटसमोर नेऊन एकदा हलवायचे आणि झाकण न उघडता ट्रेमध्ये परत ठेवायचे. मग रुमालाला बोटं पुसून रिपोर्ट लिहायला बसायचे. रंग पिवळसर, निमघट्ट, जंतांची अंडी नाहीत, अमीबाच्या सिस्ट नाहीत. पेशंटने घरी लावलेलं झाकण तसंच लावलेलं कचऱ्यात जायचं.

पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत सरांची लॅब होती. मी तिथे टेक्निशियन म्हणून चार वर्षं काढली. सर गेल्या वर्षी गेले आणि आता त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं म्हणतात. मी बराच वेळ आठवून पाहिलं. हस्ताक्षर सुंदर होतं त्यांचं.

तुम्हीही असा एखादा माणूस जवळून पाहिला असेल. पांढरा कोट कडक इस्त्रीचा, बोलणं गोड, गल्लीत सगळे वाकून नमस्कार करतात, आणि आत काय चाललंय ते फक्त हाताखालच्यांना ठाऊक. मी त्यांना अजूनही सर म्हणते ते केवळ जिभेच्या सवयीने.

त्यांचा जीव सगळा विडालवर. टायफॉइडच्या जंतूंशी लढायला शरीर ज्या अँटीबॉडी तयार करतं, त्या रक्तात आहेत का हे त्या तपासणीत बघतात. काचेवर सीरमचा, म्हणजे रक्तातल्या पिवळसर पाण्याचा, एक थेंब, त्यात बाटलीतला निळा थेंब, आणि मिनिटभर काच हलवायची. रवाळ कण दिसले की पॉझिटिव्ह. पण मिनिट म्हणजे मिनिट. थेंब सुकायला लागला की कण आपोआप दिसतात. सर काच हलवता हलवता समोरच्याला मुलाच्या नव्या फ्लॅटची माहिती द्यायचे. हॉल, दोन बेडरूम, किचन असं करत ते गॅलरीतल्या झोपाळ्यापर्यंत पोचले, की समोरच्याला टायफॉइड झालेला असायचा.

शिवाय आजार गेला तरी अँटीबॉडी रक्तात बरेच दिवस राहतात. आपल्याकडे थोड्याफार कुणाच्याही सापडतील. म्हणून सीरम पातळ करत करत त्या किती आहेत ते मोजायचं असतं. हे मी त्यांना एकदाच बोलून दाखवलं. “कॉलेज घरी ठेवून येत जा,” सर म्हणाले, आणि समोर बसलेले दोन पेशंट हसले. मीही हसले, कारण नोकरी नवी होती.

रक्त म्हणजे त्यांना इभ्रतीचं काम वाटायचं. संडास म्हणजे घाण. आता, पोटात आज काय चाललंय ते त्या घाणीतच दिसतं. काडीच्या टोकाएवढं काचेवर घ्यायचं, सलाइनचा थेंब टाकायचा, मायक्रोस्कोपखाली सरकवायचं, पाच मिनिटांचं काम. पण पाच मिनिटं नाक मुरडायला सरांना वेळ कुठला? डब्या खिडकीतल्या उन्हात पडून राहायच्या आणि सरांचं सुंदर हस्ताक्षर कागदावर उतरत जायचं.

हरसूलकडच्या एका पाड्यावरून एक बाई आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन यायची. मुलीचं नाव सुनंदा. पांढरीफटक पोरगी, दोन जिने चढली की भिंतीला टेकायची. आश्रमशाळेत प्रार्थनेला चक्कर येऊन पडली म्हणून घरी पाठवली होती. दोन महिन्यांत दोनदा तिच्या सगळ्या तपासण्या झाल्या, आणि दोन्ही वेळा विडाल पॉझिटिव्ह, स्टूल नॉर्मल. लॅबच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी दोन्ही वेळा टायफॉइडची औषधं दिली. हिमोग्लोबिन मात्र खालीच चाललं होतं. आणखी उतरलं तर सिव्हिलला भरती करून रक्त चढवावं लागेल, असं त्यांनी सांगितलं होतं.

ती माउली पहिल्या एसटीने यायची. नमुना ताजा हवा असं मी सांगितलं होतं ना, म्हणून डबी कागदात गुंडाळून, पदराखाली धरून, कुणाला कळू नये अशी बसायची म्हणे. एवढं करून आणलेली डबी सर ट्यूबलाइटला दाखवायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची. तिडीक जायची आणि मी पुढच्या पेशंटचं रक्त काढायला घ्यायचे.

दुसऱ्या खेपेला मी तिला दोन डब्या दिल्या होत्या, एखादी फुटली तर असू दे म्हणून. तिसऱ्या खेपेला ती आली तेव्हा दोन्ही डब्या भरलेल्या, दोन्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या. एक सरांच्या टेबलावर ठेवली. दुसरी हळूच माझ्या हातात दिली. “करवंदाचं लोणचं हाय, ताई. घरचं.” घट्ट झाकणाची नवीकोरी डबी, ती कशाला वाया घालवेल? मी ती माझ्या टिफिनच्या पिशवीत ठेवली.

एक वाजता मी पोळी काढली, लोणच्याची डबी उघडली आणि तशीच बंद केली. लोणचं नव्हतं ते.

काय झालं असेल ते माझ्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. ट्रेजवळ गेले. सुनंदाच्या नावाची पट्टी लावलेली डबी तिथे होती, झाकण तसंच. उघडली तर मेथ्या आणि तेलाचा वास. आणि रजिस्टरमध्ये सरांच्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं होतं, रंग तपकिरी, निमघट्ट, अंडी नाहीत, सिस्ट नाहीत. रिपोर्ट कधीच वर गेला होता.

मी खरी डबी घेऊन मायक्रोस्कोपला बसले. शोधावं लागलंच नाही. पातळ पारदर्शक कवच, आत चार पेशी, एका नजरेत पाच-सहा अंडी. हुकवर्म. अनवाणी चिखलात काम करणाऱ्यांच्या पायातून शिरणारा आणि आतड्याला चिकटून रक्त पिणारा जंत. पोरीचं रक्त कुठे जात होतं ते समोर दिसत होतं.

मी ट्रेमधली डबी सरांसमोर ठेवली आणि म्हटलं, हे लोणचं आहे. त्यांनी वास घेतला. झाकण लावलं. मग शांतपणे म्हणाले, “मग रिपोर्ट चुकला कुठे? लोणच्यात अंडी नसतातच.”

खोटं सांगत नाही. एवढा निर्लज्ज माणूस मी पुन्हा पाहिला नाही. वर ते मला समजवायला लागले, की डॉक्टरांनी दोनदा औषध दिलंय, आता आपण हे काढलं तर ते पेशंट पाठवायचे बंद होतील. मी ऐकून घेतलं नाही. स्वतः नवा रिपोर्ट लिहून वर गेले. डॉक्टरांनी तो वाचला, जंताच्या गोळीची आणि लोहाची नवी चिठ्ठी लिहिली, आणि जुनी चिठ्ठी तेवढी परत आणा म्हणाले.

पोरगी बरी झाली, हे आधीच सांगून टाकते. तीन महिन्यांनी शाळेत परत गेली. पण मला सांगायचंय ते बसस्टँडवरचं.

रिक्षा करून मी स्टँड गाठला. मायलेकी हरसूलच्या गाडीची वाट बघत खांबाला टेकून बसल्या होत्या. मी जुनी चिठ्ठी मागून घेतली, नवी दिली आणि सगळं समजावलं. जंत आहेत, ही गोळी, हे लोह, चपला घालायच्या. बाई मान हलवत होती. मग लोणचं खाल्लं का, विचारलं. खाल्लं, म्हटलं. तिला डब्यांची अदलाबदल सांगून काय मिळवणार होते?

मग तिने पिशवीतून मागचे दोन रिपोर्ट काढले. घडीवर घडी घालून जपून ठेवलेले. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने ते माझ्यापुढे धरले. दोन्हींवर खाली, तपासणाऱ्याच्या जागी, माझी सही होती. रोज सर गठ्ठा पुढे सरकवायचे आणि मी सह्या करत जायचे. वाचायचे नाही. ज्या डब्या कुणी उघडल्या नाहीत, त्यांच्या रिपोर्टांवरसुद्धा.

“मागल्या दोन टायमाला नव्हते का हे जंत?” तिने विचारलं.

तिच्या विचारण्यात संशय नव्हता. सुनंदा माझ्याकडे बघत होती, ओठ पांढरे.

“तेव्हा नव्हते,” मी म्हणाले.

“मंग बरं झालं,” बाई म्हणाली. “लवकर घावलं. तुमी होत्या म्हनून.”

मी लॅबमध्ये परतले तेव्हा सरांचा चहा आला होता. जुन्या रिपोर्टांचं काही विचारलं का, त्यांनी विचारलं. विचारलं, म्हटलं. मग काय सांगितलंस? मी सांगितलं.

सरांनी शेजारचं स्टूल पुढे ओढलं, आपला अर्धा चहा दुसऱ्या कपात ओतला आणि माझ्यापुढे ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदाच. “बस,” ते म्हणाले. आवाजात थट्टा नव्हती. “आता जमायला लागलं तुला.”

मी बसले आणि तो चहा प्यायले. आणि मला बरं वाटलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.