पुढच्या ओळीतलं ‘नाही’

सगळा दोष अण्णाकाकांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण घरात अजून सगळं श्रेय मलाच देतात. अण्णाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. पहिल्या ओळीत सगळं कळतं असं मानणारा माणूस. दुसरी ओळ त्यांनी जन्मात वाचलेली नाही.

इंजिनिअरिंग अर्धवट टाकून मी नारायण पेठेत एका पुस्तकांच्या दुकानात कामाला लागलो. तेव्हापासून बाबा माझ्याशी बोलत नव्हते. मी टीव्हीच्या आड आलो तरी आईला सांगायचे, ‘त्याला म्हणावं, सरक.’

आणि दुकानात ते पुस्तक आलं. मुलांसाठीची कादंबरी, पण अख्खी कवितेत. धरणात गाव गेलेली तेरा वर्षांची मुलगी शहराच्या कडेला येऊन राहते आणि बघता बघता मोठी होते. पानावर पाच-सहा ओळी, बाकी कोरं. त्या कोऱ्या जागेत ती काय काय गिळते ते लिहिलेलं नाही, तरी ऐकू येतं. आपल्याकडे मुलांना ससा देतात आणि खाली तात्पर्य. या पुस्तकानं तात्पर्य दिलंच नाही. मी गल्ल्यावर उभ्या उभ्या वाचत होतो आणि बिलासाठी ताटकळलेल्या आजोबांना ‘थांबा हो जरा’ म्हणत होतो.

त्यातल्या या तीन ओळी:

बाबा, मी परत शाळेत जाणार
नाही.
हे मी आधी पाण्याला सांगितलं.

ते एकटं ‘नाही’ बघा. इतका स्वच्छ नकार आमच्या खानदानात कुणी कधी दिलाय का? मला वर्षभर जे बाबांना सांगायचं होतं, ते या मुलीनं सांगून ठेवलं होतं. ठरलं. घरच्या ग्रुपवर टाकायचं. ‘शाळेत’च्या जागी ‘कॉलेजात’, एवढाच माझा बदल.

आता, ओळ तुटते तिथे थांबायचं असतं. म्हणून एकेक ओळ वेगळी पाठवायची. पहिली पाठवली आणि थांबलो. चांगला चहा पिऊन आलो.

तोवर ग्रुपवर फुलं, हात जोडलेले, सगळं येऊन गेलेलं. अण्णाकाकांनी विचारलं होतं, ‘प्रिन्सिपलशी बोललास का?’ मी काही न वाचता दुसरी ओळ सोडली.

‘नाही.’

‘मग मी बोलतो. माझ्या वर्गातला आहे तो. तेव्हाही ढच होता.’

मी घाबरून तिसरी ओळ टाकली. आत्यानं विचारलं, ‘पाण्याला सांगितलं म्हणजे?’

‘अगं, संकल्प सोडला पोरानं,’ काका म्हणाले. ‘मुठेच्या काठावर गेला असेल.’

‘मुठेत पाणी आहे?’

शेवटी फोन लावला. ‘अहो काका, ती कविता आहे.’

‘कविता नंतर कर. आधी डिग्री,’ म्हणाले आणि ठेवला.

संध्याकाळी पुस्तक घेऊन घरी गेलो. बाबांना ते पान दाखवायचं आणि तोंडावर ‘नाही’ म्हणायचं, एवढं पक्कं. दार बाबांनीच उघडलं.

‘जेवलास का?’

वर्षभरातला पहिला प्रश्न. मी पान पुढे केलं. त्यांनी चष्मा लावून नेमकं शेजारचं पान वाचलं. ‘पोरगी छान बोलते,’ म्हणाले. ‘पण कागद किती फुकट घालवलाय.’ मग बसले माझ्या शेजारी आणि स्वतःच्या हातानं मला आमटी वाढली.

त्या मुलीला अख्ख्या धरणासमोर ‘नाही’ म्हणता आलं. मला आमटीसमोर आलं नाही.

दुकानातलं काम सुटलं. सध्या मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे.