सेनगावच्या आपांचं टेबल मी कसं उचललं

ही पोस्ट मी दीड महिना टाळली. "हिंगोलीला जुनी टेबलं शोधायला चाललेय" असं इथे मोठ्या तोऱ्यात जाहीर करून गेले होते, त्यामुळे परत आल्यावर तुम्ही विचारत राहिलात, काय मिळालं, फोटो टाका. फोटो नाहीत. जे झालं ते सांगते, आणि कुणी त्या बाजूला जाणार असेल तर त्याच्या कामाचंही थोडं सांगते.

निमित्त साधं होतं. दिवाणखान्यातल्या खुर्चीशेजारी ठेवायला एक लहानसं जुनं टेबल हवं होतं. पुण्यात हल्ली नव्या लाकडाला काळपट रंग फासून जुनं म्हणून गळ्यात मारतात आणि मला ते लगेच ओळखू येतं, याचा मला फार गर्व. हिंगोलीकडे निजामाच्या कचेऱ्यांमधलं सागवानी सामान अजून सापडतं असं कानावर आलं. नवरा म्हणाला, "चहाचा कप ठेवायला परभणीपलीकडे जायचं?" मी लक्ष दिलं नाही. रेल्वेनं परभणी, पुढे एसटीनं हिंगोली. फेब्रुवारीचे दिवस, जागोजागी हळद शिजत होती, सगळीकडे धूर. एसटीत खिडकीशी बसणार असाल तर डोक्याला रुमाल बांधा. स्टँडजवळच्या लॉजवर खोली बरी मिळाली, गरम पाणी मात्र बादलीनं, तेही दोनदा मागितल्यावर.

पहिला दिवस रहीमभाईंच्या दुकानात गेला. बाजारामागच्या गल्लीत ते जुनं लाकूडकाम दुरुस्त करतात आणि थोडं विकतातही. मी आल्याआल्या एकेक टेबल उलटं करायला लागले. टेबल घेताना हे कराच. वरचा भाग कुणीही चकचकीत करतो, खोटेपणा कळतो तो खालून. स्क्रू नवे आहेत का, खणाचे जोड खाचा पाडून बसवलेत की नुसते खिळे ठोकलेत, खण ओढल्यावर जुन्या लाकडाचा वास येतो की वॉर्निशचा. उंची खुर्चीच्या हाताएवढी किंवा बोटभर कमी. हे सगळं मी रहीमभाईंनाच समजावून सांगत होते, ज्यांची उभी हयात रंधा मारण्यात गेली.

"तुमाला तर समदंच येतंय, ताई," ते शांतपणे म्हणाले. "मग मला काहून विचारून राहिल्या?"

मला ते कौतुक वाटलं. आज आठवलं की कान गरम होतात.

एकही टेबल पसंत पडेना. शेवटी ते म्हणाले, "माझी मोठी बहीण सेनगावला असती. आमच्या अब्बाच्या हातची एक चीज हाय तिच्याकडं. विकायची न्हाई बरं का. पण बघून या, म्हंजे चांगलं काय असतंय ते कळंल." आणि त्यांनी फोन करून माझं दुसऱ्या दिवशीचं जेवणही तिकडे ठरवून टाकलं.

सेनगावला जायला जीप भरभरून जातात, पण मला पुढे वाशीमचा बाजारही बघायचा होता, म्हणून सुदामभाऊंची अख्खी जीप दिवसभरासाठी केली. माणूस मूळचा सेनगावचा, बोलणं कमी. एकट्या बाईनं जायला अडचण काहीच नाही.

आपा, म्हणजे रहीमभाईंची ही मोठी बहीण, सत्तरीच्या पुढच्या. खाटेवर बसून होत्या. घरात त्या आणि त्यांची सून शबाना. शबानानं आंबट वरण, अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या भाकरी वाढल्या, आणि मी दोनदा वरण मागून घेतलं. पण माझं लक्ष खाटेशेजारच्या टेबलावर. शिसवी, गुडघ्याच्या वर येईल एवढं, जाड पायांचं, एक खण, कुठेही खिळा नाही. खाटेकडचा कोपरा इतका झिजलेला की बोट फिरवावं तर लोण्यासारखं लागावं.

"हा कोपरा बघितलात?" मी आपांनाच शिकवायला लागले. "अशी झीज मुद्दाम करता येत नाही. खरं जुनं ओळखायचं ते यावरून."

किती वेळा वाखाणलं असेल देव जाणे. चार वेळा तरी. शेवटी आपा म्हणाल्या, "इतकं पसंत पडलं तर घेऊन जावा, बाई. तुमचंच हाय."

"खरंच?"

"व्हय. तुमचंच समजा."

शबाना ताटं उचलता उचलता थांबली. मला वाटलं, सासू देतेय ते सुनेला बघवत नाही. हो, असं वाटलं मला, लपवून काय करू. मी पैसे विचारले तर आपांनी कानाला हात लावले. मग मी त्यांना मिठी मारली. शबानानं टेबलावरचा पाण्याचा तांब्या, गोळ्यांची डबी, चष्मा एकेक करून खिडकीत नेऊन ठेवलं. सुदामभाऊंनी टेबल टपावर बांधलं. वाटेत मी तीन मैत्रिणींना मेसेज केले.

हिंगोली–वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाक्याला ढाब्यावर चहाला थांबलो. शेवभाजी तिथे झणझणीत मिळते, पण ती काही माझ्या नशिबी नव्हती. सुदामभाऊ बशीत चहा ओतून बराच वेळ नुसते बघत बसले.

"मॅडम, एक बोलू का? राग नका मानू."

"बोला ना."

"आमच्याकडं कुणी एखाद्या चीजेला चांगलं म्हणलं का 'तुमचंच हाय' म्हणायची रीत हाय. पाहुण्यानं न्हाई म्हणायचं असतंय. 'तुमच्याकडंच शोभून दिसतं' म्हणायचं आन् उठायचं."

मी कप खाली ठेवला.

"अन् दुसरं म्हंजे, आपाचे गुडघे गेलेत. मी नेतो ना तिला हिंगोलीला दवाखान्यात. त्या टेबलावर हात रेटून उठती ती. धा-बारा वर्सं झाली. आता उठंल कशी, तेच इचार करून राहिलो."

तो कोपरा. मी ज्याला खरा जुनेपणा म्हणून बोट फिरवत होते, तो एका बाईच्या तळहातानं झिजला होता, आणि ती बाई समोर बसलेली असताना मी तिला त्याचा अर्थ समजावला होता. मला माझीच लाज वाटली, आणि ती नुसती मनात नाही, अंगभर वाटली.

"चला परत," मी म्हणाले.

"तसं न्हाई जमायचं. दिलेली चीज वापस केली तर तिची बेइज्जती व्हती."

आता इथे सरळ शब्दांत माफी मागायची अक्कल यायला हवी होती. मला सुचली ती हुशारी. परत गेले, दारातूनच हसत म्हणाले, "आपा, प्रवासात मोडेल हो हे. तुमच्याकडेच राहू दे, माझी अमानत म्हणून." अमानत म्हणजे विश्वासानं सांभाळायला दिलेली वस्तू, हा शब्द ऐनवेळी आठवला म्हणून मी स्वतःवरच खूश. आपा म्हणाल्या, "जशी तुमची मर्जी." वाशीमचा बाजार राहिला तो राहिलाच. मी पुण्याला आले, आणि खरं सांगते, आठवड्याभरात मला आपण फार शहाणपणानं वागलो असं वाटायलाही लागलं.

महिन्यानं रहीमभाईंचा फोन आला, दुसरं एक टेबल आलंय म्हणून. बोलता बोलता मी आपांची चौकशी केली.

"बरी हाय. तुमचं टेबल बराबर सांभाळून ठेवलंय. चादर गुंडाळून कोपऱ्यात. कुणाला हात लावू देत न्हाई."

"अहो, पण वापरत का नाहीत?"

"अमानत हाय ना, ताई. अमानत वापरायची नसती."

मी तसाच आपांना फोन लावला. म्हटलं, आपा, वापरा ते, खुशाल वापरा, तुमचंच आहे. त्या प्रेमानं हसल्या. "तुमी म्हणल्या, त्यातच समदं आलं, बाई. तुमच्याच नावानं राहू द्या." मी तीनदा म्हणाले, तीनदा त्यांनी गोड शब्दांत नाही म्हटलं. मी पहिल्यांदाच मनापासून बोलत होते, आणि त्या रीत पाळत होत्या, जी त्या दिवशी मी पाळायला हवी होती.

मग मात्र माझा धीर सुटला. सगळं बोलले. मला रीत कळली नाही, मला हाव सुटली, शबानाचा चेहरा दिसला तरी मी बघितलं नाही, ती अमानत वगैरे माझी बनवाबनवी होती, अब्रू वाचवायची, तुमची नाही, माझी. ते टेबल माझं कधीच नव्हतं.

मग आपा म्हणाल्या, "जेवल्या व्हत्या ना पोटभर? मग झालं तर." आणि फोन खाली ठेवून आत हाक मारली, "शबाना, चादर काढ गं त्याची."

फोन चालूच होता. टेबल फरशीवरून ओढल्याचा आवाज आला. मग "या अल्ला" असं कण्हणं, आणि कुणीतरी उठल्याचं कळलं. मला फोन बंद करवेना. थोड्या वेळानं तो शबानानं उचलला.

"मॅडम, हेच त्या दिवशी दारात बोलल्या असत्या तर," ती हळूच म्हणाली. "महिना झाला, शेजारणीला बोलावून दोघी मिळून उठवून राहिलो आम्ही त्यांना. रातच्याला त्या पाणीच पीत न्हाईत, उठाया लागू नये म्हणून."

मी "हो" म्हणाले.