गाडीचा ताप

मंडळी, आज दुपारचीच गोष्ट आहे.

माझी फ्युएल इंजेक्शनवाली गाडी काही दिवसांपासून काळा धूर सोडून राह्यली होती. आज सुट्टी, म्हणून अंगणात कडुलिंबाखाली लॅपटॉप केबलनं तिले जोडला अन् सॉफ्टवेअरमधून पेट्रोल कमीजास्त करत बसलो. कमी केलं की गाडी बंद, वाढवलं की धूर. संध्याकाळी बायकोले सेवाग्रामले ड्युटीवर सोडायचं होतं.

बायको नर्स आहे. पन्हं घेऊन आली, स्क्रीनकडे पाहून म्हणे, "याच्यात ताप कुठं दिसते?"

मी इंजिनचं तापमान उघडलं. उणे चाळीस.

मे महिन्यात, वर्ध्यात.

तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा प्लग निसटला होता. गाडीले वाटे आपण बर्फात उभ्या आहो, म्हणून ती जास्तीचं पेट्रोल मागून राह्यली होती. प्लग घट्ट बसवला, माझे सगळे बदल पुसले, अन् धूर थांबला.

"तुमी ताप न पाहताच डोस बदलून राह्यले होते," बायको म्हणे.

गाडी खोटं बोलत नव्हती, तिले खरंच थंडी वाजत होती. तुमच्या गाडीले सध्या कोणता ऋतू वाटते, कधी पाहिलं काय?