निर्मलाताईंच्या वर्गातले हात

निर्मलाताई गेल्याचं मला शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. वर ‘माहिती आजच भरा, अन्यथा कारवाई’ असा निरोप, खाली ताईंचा फोटो, त्याखाली जोडलेल्या हातांची रांग... आणि लगेच कुणीतरी विचारलं, “लिंक उघडत नाही, कुणाची भरून झाली का?” महिना उलटला, तरी तो प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही.

ताडकळसच्या पुढं एका गावातल्या जिल्हा परिषद शाळेत आम्ही दोघी होतो. त्यांची दुसरी, माझी तिसरी. पूर्णेहून त्यांच्याच स्कूटीवर जायचो. त्यांच्या वर्गात वाळू, रिकामे डबे, बाटल्या, चिंचोके, ज्वारीची धाटं यांचा पसारा असायचा आणि ताई कोपऱ्यात बसकर टाकून पोरांच्या हातांकडं बघत राहायच्या. एकदा मी खडू मागायला गेले, तेव्हा गोदी नावाची मुलगी उंच बाटलीतली वाळू पसरट डब्यात ओतत होती. वर्षभरात या पोरीनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. डबा काही भरेना. तिनं पुन्हा बाटली भरली, पुन्हा ओतली. मी काही सांगणार, तोच ताईंनी माझं मनगट धरलं. “थांबा... सापडायलंय तिला.” गोदीनं दोन्ही भांडी शेजारी ठेवली, वरून हात फिरवला आणि म्हणाली, “म्याडम, ही उंच हाय, पण हिच्यात कमी मावायलंय.” ताईंनी शाबासकी दिली नाही. नुसतं विचारलं, “असं का गं झालं असंल?” आणि गोदी बोलतच सुटली.

पुढं तपासणीला साहेब आले. दारातूनच म्हणाले, “हा वर्ग आहे की वाळूचा ठेका?” त्यांनी नेमकं गोदीलाच उभं केलं आणि पाचाचा पाढा म्हणायला सांगितला. गोदी हातातल्या डब्याकडं बघत राहिली. साहेबांनी शेरा लिहिला. ताईंना वाटलं, गावकरी तरी बोलतील. गावकरी बोलले. गोदीचे वडील सगळ्यांदेखत म्हणाले, “मॅडम, मातीत खेळायला घरी काय कमी हाय का? तुमी शिकवायलाव का खेळवायलाव?” जूनमध्ये त्यांनी गोदीला इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत बसवलं. ताईंनी वाळू स्वतः घमेल्यानं बाहेर नेऊन टाकली. 

मग त्यांना तालुक्याच्या कार्यालयात संगणकावर माहिती भरायला बसवलं. तात्पुरतं, असं सांगून. वर्गावर परत पाठवा म्हणून त्या अर्ज करत राहिल्या. पुढच्या सत्रात बघू, असं उत्तर येत राहिलं. फोनवर मला म्हणाल्या, “दिवसभर बोटं चालायलीत माझी... पण एक लेकरू दिसत न्हाई हो.” पोटातलं दुखणं त्यांनी कुणाला सांगितलं नाही. कळलं तेव्हा डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं.

शोकसभा शाळेतच झाली. तेच साहेब बोलायला उभे राहिले. ‘कृतीतून शिक्षण’ हा आता वरून आलेला विषय आहे, त्याचं प्रशिक्षण तेच देतात. “मॅडम काळाच्या पुढं होत्या,” म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या. मला तिथं बसवेना. उठून ताईंच्या वर्गाकडं गेले. काचेच्या नव्या कपाटात रंगीत ठोकळे, मापं, तराजू... सगळं प्लास्टिकच्या वेष्टनात, कपाटाला कुलूप. फरशी लख्ख पुसलेली. मला दारात बघताच दुसरीच्या पोरांनी, कुणी न सांगता, हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं.

“सोडा रे हात,” मी म्हटलं.

एकानंही सोडले नाहीत.